नमुन्याची मूठ

दादाला वाचता येईनासं झालं होतं, म्हणून त्याच्यापासून लपवणं आम्हाला सोपं गेलं. हे वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं.

एमआरआयचा रिपोर्ट आला तो गुरुवार होता. कोपरखैरण्याच्या घरात वहिनी, भाचा आणि मी स्वयंपाकघरात उभे होतो आणि दादा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसला होता. तो आवाज बंद करूनच क्रिकेट बघायचा. बोलणाऱ्याचे शब्द त्याच्यापर्यंत तुटकतुटक पोचायचे आणि त्यानं तो वैतागायचा. भाच्यानं मोबाइलवर रिपोर्ट उघडून माझ्या हातात दिला. डावा टेम्पोरल लोब, म्हणजे मेंदूचा कानाजवळचा भाग. ऑपरेशनच्या पोकळीच्या कडेला नवा उजळलेला भाग. रक्तपुरवठा वाढलेला. दोन महिन्यांपूर्वीच्या फिल्मवर तिथं काही नव्हतं. डॉक्टर भाच्याला फोनवर म्हणाले होते, "परत आलंय." वहिनी एवढंच बोलली, "ह्यांना कळता कामा नये." मी मान हलवली.

मी गेली १९ वर्षं भाषांतराचं काम करते. त्यातलं बरंचसं काम औषधांच्या चाचण्यांच्या कागदपत्रांचं असतं. नवीन औषध माणसावर तपासायचं, तर आधी त्या माणसाला सगळं सांगावं लागतं. औषध काय आहे, कशासाठी आहे, त्रास काय होऊ शकतो, फायदा होईल की नाही, नको म्हटलं तर काय, मध्येच सोडलं तर काय. हे सगळं त्याला कळणाऱ्या भाषेत लिहिलेलं हवं, असं आपल्याकडचे २०१९ चे नियम सांगतात. रुग्णाला वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवताना कुणाची बाजू नसलेला एक साक्षीदार हजर लागतो. मी केलेलं मराठी दुसऱ्या एखाद्या भाषांतरकाराकडे जातं, त्यानं मूळ कागद पाहिलेला नसतो, आणि तो ते पुन्हा इंग्रजीत नेतो. दोन्ही इंग्रजी शेजारीशेजारी ठेवून कुठे अर्थ सांडला का ते बघतात. माझ्या जुईनगरच्या टेबलावर अशा शेकडो फायली येऊन गेल्या. प्रत्येकीत एक वाक्य असतंच: "तुम्हाला तुमच्या आजाराविषयी माहिती मिळण्याचा अधिकार आहे."

त्या गुरुवारपासूनचे ११ दिवस, मी ते वाक्य विसरले होते असं नाही. आपल्या माणसाच्या बाबतीत ते लागू असतं, एवढं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

दादा वाशीच्या मसाला मार्केटात हिशेब लिहायचा. मशिदबंदरचा घाऊक बाजार खाडी ओलांडून इकडे आला तेव्हा त्याच्याबरोबर तोही आला आणि कोपरखैरण्यात स्थिरावला. त्याच्या वह्यांच्या पानांच्या कडा मिरचीच्या धुळीनं तांबूस झालेल्या असायच्या. आमच्या लहानपणी चिपळूणला अंगणात हळदीचे दोन वाफे होते, ते सोडले तर मसाल्याशी आमचा संबंध नव्हता. पण दादा धण्याची मूठ नाकाशी नेऊन तो कुठल्या भागातला ते सांगायचा. एका सकाळी त्यानं धणे लिहायचे तिथं जिरं लिहिलं. शेठनी बोट ठेवून दाखवलं तरी त्याला चूक दिसेना. आठवड्याभरात "पोतं" हा शब्द हरवला. ३० वर्षं पोत्यांत काढलेला माणूस "ते... ज्यात भरतात ते" असं म्हणायला लागला. मग एका दुपारी वजनकाट्याजवळ फिट आली.

ग्लिओब्लास्टोमा, मेंदूचा कर्करोग, श्रेणी ४. ऑपरेशन झालं, गाठ दिसत होती तेवढी काढली. सहा आठवडे शेक. शेक हा आपल्याकडच्या रुग्णांचा शब्द, रेडिएशनला तोच म्हणतात. ३० बैठका, एकूण ६० ग्रे (किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात), चेहऱ्यावर दर वेळी तो जाळीचा घट्ट मुखवटा. सोबत टेमोझोलोमाइड या कर्करोगाच्या औषधाच्या कॅप्सूल, उपाशीपोटी, आधी उलटी थांबवणारी गोळी. शेक संपल्यावर दर महिन्याला पाच दिवस पुन्हा कॅप्सूल. मधले काही महिने खरंच बरे गेले. शब्द परत आले, सगळे नाही, पण "पोतं" आलं. गणपतीत त्यानं आरत्या संपूर्ण म्हटल्या. बोलताना अडणारा माणूस आरती न अडखळता म्हणतो, हे डॉक्टरांना नवल नव्हतं. चालीत बसलेले शब्द मेंदू वेगळ्या वाटेनं आणतो. आम्हाला मात्र तो पुरता बरा झाल्यासारखा वाटला.

आणि मग परत आलं.

हा आजार परत येतो, बहुतेकांचा येतो, आणि बहुतेक वेळा मूळ जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच येतो. कारण गाठ म्हणजे गोटी नव्हे. तिच्या पेशी निरोगी मेंदूत मुळांसारख्या पसरलेल्या असतात. कितीही कसबी हात असला तरी मेंदू, तोही भाषेच्या जागेचा, कापून कापून किती कापणार? पुन्हा शेक द्यावेत तर मेंदूला सोसणारी मात्रा आधीच संपत आलेली असते. औषधं आहेत, बेव्हॅसिझुमॅब आहे, लोमुस्टिन आहे, त्यांनी काही जणांना थोडा आराम मिळतो, थोडा काळ मिळतो. आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनला नकार दिला. बोलणं होतं तेवढंही जाईल, म्हणाले.

त्या ११ दिवसांत मी रात्री झोपत नव्हते. वाचत होते. वाचणं हाच माझा हातखंडा, दुसरं मला काय येतं? तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या एका चाचणीविषयी वाचलं. परत आलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठी किरणोत्सर्गी औषध, थेट गाठीच्या जागी सोडायचं. पहाटे तीन वाजता वाचून काढलं आणि उजाडेपर्यंत गॅलरीत उभी राहिले. समोर पहिली लोकल पनवेलकडे जात होती.

हे औषध मी जसं समजून घेतलं तसं सांगते, कारण ते समजून घेताना मला जी उभारी आली ती खरी होती.

आपल्या पेशींत पार्प नावाचं एक प्रथिन असतं. डीएनएचा धागा तुटला की ते तिथं धावत जातं आणि दुरुस्तीला माणसं बोलावतं. वेगानं वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर सापडतं, शांत बसलेल्या निरोगी मेंदूपेशींत अगदी कमी. पार्पला जाऊन चिकटणारा एक रेणू घ्यायचा आणि त्याला आयोडीन-१२३ जोडायचं. रेणू पेशीच्या गाभ्यात शिरून पार्पवर बसतो, म्हणजे ऐन डीएनएच्या शेजारी. आणि तिथं आयोडीनचा अणू फुटतो तेव्हा त्यातून अतिशय कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. लिझे माइटनर यांनी १९२२ मध्ये आणि पिअर ओझे यांनी १९२३ मध्ये त्यांचा शोध लावला, नाव मात्र ओझे यांचंच राहिलं. मला याचं वाईट वाटतं, म्हणून इथं दोन्ही नावं लिहिली. या इलेक्ट्रॉनांची बहुतेक ताकद मीटरच्या काही अब्जांश भागातच संपते. डीएनएच्या धाग्याची रुंदी अशा दोन अब्जांश भागांची असते. म्हणजे औषध डीएनएला खेटून बसलं तर धागा तुटतो, शेजारच्या पेशीत बसलं तर या पेशीला बहुतेक काही कळतही नाही.

पण तिथवर पोचायचं कसं? मेंदूचं दार बंद असतं. पाउल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. त्यांना वाटलं मेंदूलाच रंगाची ओढ नसावी. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी तोच प्रयोग उलटा केला. रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे ओढीचा प्रश्नच नव्हता, मध्ये भिंत होती. रोगाला नेमकं शोधून मारणाऱ्या "जादूच्या गोळी"ची कल्पना जगाला देणारे हेच एर्लिख. ती गोळी जिथं आत शिरत नाही ती जागाही त्यांच्याच प्रयोगानं दाखवून दिली होती.

लंडनची चाचणी गोल्डमान यांच्या बाजूनं जाते. ऑपरेशन करून परत आलेली गाठ काढायची आणि त्याच वेळी डोक्याच्या कातडीखाली एक छोटी घुमटाकार डबी बसवायची. तिची बारीक नळी गाठीच्या जागेपर्यंत. मग आठवड्यातून एकदा, चार ते सहा आठवडे, सुईनं डबीत औषध सोडायचं. या डबीला ओमाया रिझर्व्हॉयर म्हणतात. १९६३ मध्ये ती तयार करणारे मेंदूशल्यविशारद अयूब ओमाया १९३० मध्ये अखंड पंजाबात जन्मले. ही माहिती मिळाल्यावर उगाच आपल्यातलं कुणी त्या खोलीत असल्यासारखं वाटलं मला.

दुसऱ्याही वाटा शोधणं चालू आहे. आयोडीन-१३१ एका अमिनो आम्लाला जोडून शिरेतून देतात. अमिनो आम्लं आत घेण्यासाठी मेंदूच्या भिंतीत दारं असतात आणि गाठीच्या पेशींवर तीच दारं जास्त असतात, म्हणून. रेनियम-१८६ सूक्ष्म मेदकणांत भरून बारीक नळीवाटे गाठीत हळूहळू जिरवण्याचा प्रयत्न अमेरिकेत चालू आहे. हे सगळं वाचताना मला आपली नवी मुंबईच आठवत होती. वाशीत, मार्केटपासून फार लांब नाही, ब्रिटचं आवार आहे, किरणोत्सर्ग आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचं. थायरॉइडच्या रुग्णांना दिलं जाणारं किरणोत्सर्गी आयोडीन तिथून देशभर जातं. खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत लुटेशियम-१७७ तयार होतं, ते काही ग्रंथींच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर देतात. मराठीत खाडीच्या त्या काठालाही तुर्भे म्हणतात आणि या काठालाही तुर्भे. शरीरात किरणोत्सर्गी आयोडीन सोडून आतून किरणं देण्याची सुरुवात ३१ मार्च १९४१ ला बोस्टनमध्ये झाली, सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या रुग्णाला ते दिलं तेव्हा. त्याच्या महिनाभर आधी, २८ फेब्रुवारीला, परळचं टाटा मेमोरियल उघडलं होतं. माझे वडील तेव्हा तीन वर्षांचे होते. म्हणजे हे शास्त्र काही काल-परवाचं नाही. मेंदूच्या भिंतीपाशी ते ८० वर्षं थांबलेलं आहे, एवढंच.

वाशीत एक निवृत्त डॉक्टर राहतात. त्यांची हयात किरणोत्सर्गी औषधांत गेली. एका माहितीपत्रकाच्या निमित्तानं ओळख झाली होती. मी छापलेले कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं शांतपणे वाचलं. म्हणाले, "सुंदर कल्पना आहे. पण ही पहिल्या टप्प्याची चाचणी आहे. पहिल्या टप्प्यात बघायचं असतं ते हे, की माणसाला सोसतं किती. बरं होतं का, हा प्रश्न नंतरचा." मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी शेकडो फायलींत लिहून कधी मनावर घेतली नव्हती. पुष्कळ ठिकाणी पहिल्या तिघांना सगळ्यात कमी मात्रा देतात. त्यांना सोसली तर पुढच्या तिघांना थोडी जास्त. असं वर चढत जातात. "पहिल्या तिघांना मिळते ती मात्रा बहुधा उपयोगाला कमी पडणारीच असते. ती मुद्दामच तशी धरलेली असते."

मी विचारलं, दादाला घेतील का? ते म्हणाले, दुसरं ऑपरेशन होणार नसेल तर ही डबी बसण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ते लंडन. मी तरी पुढं बोलत राहिले, दुसरी चाचणी, दुसरा देश, आपल्याकडे कधी... त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले.

"दादांना सांगितलंय का, की ते परत आलंय?"

मी गप्प राहिले.

"मग चाचणीचं कशाला विचारताय? ज्याला माहीतच नाही त्याची संमती कशी घेणार? तुम्हीच तर ते फॉर्म लिहिता."

ते रागावून बोलले नाहीत. पण मी तिथून उठून चालत निघाले ती घरी न जाता मिनी सीशोरला जाऊन बसले. भरती होती. चिखल दिसत नव्हता. आम्ही काय केलं होतं ते मला पहिल्यांदा सरळ दिसलं. दादाची अक्षरं आजारानं काढून घेतली होती आणि त्याचाच आम्ही फायदा घेतला होता. फाइल त्याच्या समोर टीपॉयवर पडलेली असायची. लपवायलाही लागत नव्हती.

वहिनीला पटवायला दोन दिवस गेले. तिचं चुकत होतं असं आजही मी म्हणणार नाही. ३१ वर्षांचा संसार, आणि आपल्या माणसाच्या तोंडावरचं हसू जाईल ही भीती. तिनं शेवटी एकच अट घातली, "तू सांग. मला नाही जमायचं. पण मी तिथं बसेन."

रविवारी सकाळी सांगितलं. मी आधी ठरवलेले सगळे शब्द बाजूला ठेवले. "दादा, गाठ परत आलीय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला... माहीत आहे." थोड्या वेळानं, "तुम्हाला... माहीत नाही... असं वाटलं."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. आणि परत आली, सांगितल्याप्रमाणे बसली.

पुढचे दीड तास मी त्याला सगळं सांगितलं. कसं कोण जाणे, लंडनच्या चाचणीचंही निघालं. कदाचित तेच एक माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं. मी कागद काढले आणि तिथल्या तिथे मराठीत करून वाचायला लागले. आयुष्यभर हे काम एकटीनं, पडद्यासमोर केलेलं. ज्याच्यासाठी करायचं तो माणूस समोर कधी नव्हता. दादाला कळत नव्हतं तिथं तो हात वर करायचा, आणि मला कळायचं की माझं मराठी कुठं खोटं आहे.

"पुनरावृत्त" म्हटल्यावर हात वर. मी म्हटलं, परत आलेला. हात खाली.

"चाचणी" म्हटल्यावर तो म्हणाला, "रक्ताची?" बरोबरच होतं त्याचं. आपल्याकडे चाचणी म्हणजे रिपोर्ट मिळतो ती. मी म्हटलं, नवं औषध आहे, चालतं की नाही ते अजून कुणालाच माहीत नाही, ते माणसांना देऊन बघतायत.

"अर्धायुष्य" हा शब्द मी मुद्दाम टाळला. काही वर्षांपूर्वी एका माहितीपत्रकात मी तो लिहिला होता. पुस्तकातला अचूक शब्द. चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीतल्या एका बाईंनी तो परत पाठवला. त्या शास्त्राच्या नव्हत्या, सामान्य माणसांच्या वतीनं बसत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, रुग्ण वाचेल की या औषधानं माझं आयुष्य अर्धं होणार. तेव्हापासून मी "किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ" असं लिहिते. दादाला सांगितलं, १३ तासांनी ताकद निम्मी, २६ तासांनी पाव, मग त्याची निम्मी. हिशेबाचा माणूस. बोटांवर मोजत गेला आणि चौथ्या दिवसाला थांबला. "संपलं." जवळजवळ बरोबर होतं. चार दिवसांनी शेकडा एकही उरत नाही.

मग म्हणाला, "मिरची... तशी?"

मला एकदम लक्षात आलं. वाशीत ब्रिटचं केंद्र आहे, २००० साली सुरू झालेलं, तिथं मसाल्यांना किरणं देतात. जंतू आणि कीड मरावी म्हणून. मार्केटातली निर्यातीची मिरची, हळद तिथं जायची, चलनं दादा लिहायचा. मी म्हटलं, नाही, मिरचीला कोबाल्टची किरणं बाहेरून देतात, पोत्याच्या आरपार, एकूण एक दाण्याला सारखी. तुला दिले ते शेकही बाहेरूनच होते, गाठीवर नेम धरला तरी वाटेतल्या चांगल्या भागाला लागतेच. इथं किरण देणारा अणूच आत पाठवायचा. किडलेल्या दाण्याच्या आत. शेजारच्या दाण्याला लागू नये म्हणून.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी असा हसला, मान मागं टाकून. "हुशार आहेत."

मग मी ती पहिल्या तिघांची गोष्ट सांगितली. ती सांगू नये असं वाटत होतं. पण त्या सकाळी काही लपवायचं नव्हतं. पहिल्या तिघांना अगदी कमी देतात, दादा. त्यांना फायदा व्हायची शक्यता फार थोडी. किती सोसतं ते कळावं म्हणून देतात, पुढच्यांसाठी.

तो बराच वेळ काही बोलला नाही. उजव्या हाताची मूठ उघडझाप करत होता. मला वाटलं फिट येतेय, वहिनीही पुढं झाली. पण तो शब्द शोधत होता. मार्केटात पोत्यात पन्हाळी सळई खुपसून माल काढतात, तळहातावर घेतात, वास घेतात, चोळून बघतात. त्या मुठीवर अख्ख्या ट्रकचा भाव ठरतो.

"न... नमुना," तो म्हणाला. आणि मग, तुकड्यातुकड्यांनी, मला जोडून घ्यावं लागलं असं, "नमुना विकत नाहीत. पण भाव... त्याचाच."

मी पुढं काही वाचू शकले नाही. त्याच्या टेमोझोलोमाइडचं रिकामं पाकीट टेबलावर होतं. ते औषध सगळीकडे दिलं जाऊ लागलं त्यामागे २००५ मध्ये छापलेली एक चाचणी आहे. ५७३ माणसं होती. ज्यांना शेकांबरोबर ही कॅप्सूल मिळाली त्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, १४.६ महिने आणि ज्यांना नुसते शेक मिळाले त्यांचं १२.१. अडीच महिन्यांचा फरक. मी हे आकडे कित्येकदा टाइप केले होते आणि दर वेळी मनात यायचं, एवढ्यासाठी? आता बघते तर दोन वर्षांनंतरही जिवंत असलेले एका बाजूला शेकडा १०, दुसऱ्या बाजूला २६. आणि दादानं म्हटलेली आरती, ते बरे गेलेले महिने, ते "पोतं". त्यातली बहुतेक माणसं आज नाहीत. चाचणीतल्या निम्म्यांना तर शेकांबरोबर कॅप्सूल मिळालीच नव्हती, तुलनेसाठी. त्यांनाही विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती.

माझ्या हातात तांबडं पेन होतं, सवयीनं. दादानं ते मागितलं. कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"सही... कुठं?"

"दादा, सही नाही करायची रे. हे इथं नाहीये. लंडनला आहे. आणि तुझं ऑपरेशन होणार नाही, मग हे आपल्याला..."

"माहीत आहे," तो म्हणाला. पेन मात्र त्यानं लगेच परत दिलं नाही.

त्यानंतर तो पाच महिने होता. बेव्हॅसिझुमॅबनं मेंदूची सूज उतरली, मधले सहा आठवडे बरे गेले. शेवटी काय हवं, काय नको, हे त्यानं सांगितलं. घरी राहायचं. नळ्या नकोत. चिपळूणला एकदा न्या. नेलं. वहिनी आणि तो गॅलरीत तासन्‌तास बसायचे, बोलणं जवळपास नव्हतंच, पण आता दोघांत दडवलेलं काही नव्हतं. वहिनी मला एकदा म्हणाली, "ते ११ दिवस मला परत हवेत." मी तिचा हात धरून बसले. मलाही हवेत.

दादा गेल्यावर तीन महिने मी काम घेतलं नाही. मग एक फाइल आली. वेगळ्या आजाराची, वेगळं औषध, गोपनीय असल्यानं त्याविषयी काही लिहीत नाही. पहिल्याच पानावर "रिकरंट" होतं. इतकी वर्षं तिथं "पुनरावृत्त कर्करोग" लिहीत आले होते. शब्दसूचीत तेच आहे, कुणी कधी हरकत घेतली नव्हती. मी लिहिलं, "परत आलेला कॅन्सर". पुढं "प्रयोगार्थी" लिहायचं होतं, तिथं "तुम्ही" केलं. जिथं जिथं दादाचा हात वर झाला असता तिथं थांबत गेले. आठ दिवसांच्या कामाला तीन आठवडे लागले. "तुम्हाला थेट लाभ मिळेलच असे नाही" या वाक्यापाशी सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी लिहिलं, "या औषधाचा तुम्हाला स्वतःला फायदा होईल असं आज आम्ही सांगू शकत नाही. यातून जे कळेल ते पुढच्या रुग्णांच्या उपयोगी पडेल." मूळ वाक्यापेक्षा लांब झालं. शब्दसंख्या वाढली की विचारणा होते, तशी झाली. मी कारण लिहून पाठवलं.

महिन्यानं उलटं भाषांतर तपासायला आलं. ज्यानं केलं त्याला मी ओळखत नाही, आमच्या कामात ओळख ठेवत नाहीत. पहिल्या पानावर "रिकरंट" नव्हतं. त्यानं माझं मराठी जसंच्या तसं नेलं होतं, "कॅन्सर दॅट हॅज कम बॅक". समासात तपासणाऱ्याची टिकमार्क होती आणि शेजारी एकच शब्द, "ओके".